वाचक विचारतात : दवाखान्यातलं दुखणं सरकारी टेबलापर्यंत

या खेपेच्या टपालात सोलापूरचा वरचष्मा आहे. शहरातले आणि तालुक्यांतले ख्रिस्ती डॉक्टर, परिचारिका, एका धर्मादाय रुग्णालयाचे व्यवस्थापक, एका मंडळीचे (चर्चच्या सभासदांच्या समुदायाचे) सचिव अशा अनेकांनी लिहिलंय. रुग्ण तपासताना रोज जे दिसतं ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत कसं न्यायचं, आणि हे करताना कायद्यात किंवा नोकरीत अडकायचं कसं नाही, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. उत्तरं आमच्या आरोग्य आणि कायदा सल्लागारांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : विडी कामगारांच्या वस्तीजवळ माझा दवाखाना आहे. बायका दिवसभर विड्या वळतात, सकाळी माल द्यायला विडी कारखान्याच्या ब्रँचला जातात. महापालिकेचं आरोग्य केंद्र त्यांच्या कामाच्याच वेळेत उघडं असतं. संध्याकाळी तिथे ओपीडी सुरू व्हावी असं वाटतं. जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र दिलं, काहीच उत्तर नाही. पुढे काय करू?
(एमबीबीएस डॉक्टर, सोलापूर शहर)

डॉक्टर, पत्र चुकीच्या दारात गेलंय. सोलापुरात सरकारी आरोग्याची निदान चार दारं आहेत. नागरी आरोग्य केंद्रं आणि प्रसूतिगृहं महापालिकेची. तिथला रस्ता आरोग्याधिकाऱ्यांकडून आयुक्तांकडे जातो. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत, तिथे अधिष्ठाता. एका दारातलं पत्र दुसऱ्या दारात क्वचितच पोचतं. बहुतेक वेळा ते 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन फायलीत झोपतं.

आता मागणीकडे वळू. पहिली पायरी मोजणीची. आठ आठवडे एक साधी वही ठेवा. रुग्णाचं नाव लिहू नका. वय, स्त्री की पुरुष, वस्ती, आल्याची वेळ, तक्रार दोन शब्दांत, आणि एकच प्रश्न : 'या दुखण्यासाठी महापालिकेच्या केंद्रात का गेला नाहीत?' उत्तराला आकडे ठरवून घ्या : १ वेळ जुळत नाही, २ औषध मिळालं नाही, ३ लांब पडतं, ४ गेलो होतो पण परत पाठवलं, ५ इतर. प्रश्न विचारताना 'वेळ जुळत नाही ना हो?' असं सुचवायचं नाही, नाहीतर सगळ्या एकाच सुरात हो म्हणतील. आठ आठवडे एवढ्यासाठी की मजुरीचा दिवस, सण, लग्नसराई यांनी एखाद्या आठवड्याची गर्दी कशीही हलते, आणि एका आठवड्याचे आकडे अधिकारी सहज बाजूला सारतो.

इथे एक खोट आहे, ती तुम्हीच आधी ओळखा. तुमच्याकडे संध्याकाळी येणारे म्हणजे संध्याकाळच सोयीची असणारे. त्यांनाच विचारलं तर उत्तर तेच येणार, आणि हुशार अधिकारी हे पहिल्या मिनिटाला सांगेल. म्हणून सकाळच्या रुग्णांनाही तोच प्रश्न विचारा. शिवाय वस्तीतल्या आशाताई किंवा महिला आरोग्य समितीच्या मदतीने पन्नासेक घरांत तोच प्रश्न विचारून घ्या. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक अशी समिती अपेक्षित आहे. तुमच्या वस्तीत ती कागदावर आहे की खरोखर बसते, हेही त्या निमित्ताने कळेल. घरं ओळखीची निवडू नका. गल्लीतलं दर पाचवं घर घ्या. कुलूप असेल तर पुढचं घर घ्यायचं नाही, संध्याकाळी परत जायचं. दिवसा कुलूप असणाऱ्या घरांचंच तर म्हणणं आपल्याला हवंय.

दुसरी पायरी मागणी बारीक करण्याची. 'आरोग्य सेवा सुधारा' ही मागणी नव्हे. 'नवा डॉक्टर द्या' ही मागणी आहे, पण जड. महापालिकेला नवं पद हवं तर आकृतीबंधाचा (मंजूर पदांच्या रचनेचा) आणि शासनमंजुरीचा विषय निघतो आणि पत्र वर्षानुवर्षं फिरतं. त्याच माणसांची वेळ आठवड्यातून तीन दिवस पुढे सरकवा, ही मागणी आयुक्त स्वतःच्या अधिकारात मान्य करू शकतात. नागरी अभियानाच्या आराखड्यातच कष्टकरी वस्तीच्या सोयीच्या वेळेची आणि सायंकाळच्या ओपीडीची कल्पना आहे, म्हणजे तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. त्यांच्याच कागदातली गोष्ट त्यांना आठवण करून देताय.

निवेदन एका पानाचं. असं :

'प्रति, मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका. विषय : ... नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोमवार, बुधवार व शुक्रवार सायंकाळी ५ ते ८ बाह्यरुग्ण विभाग सुरू करणेबाबत. महोदय, वरील केंद्राच्या परिसरात विडी कामगार महिलांची वस्ती मोठी आहे. दि. ... ते दि. ... या काळात आम्ही ... रुग्णांची व ... घरांची नोंद घेतली. त्यापैकी ... जणांनी केंद्राची वेळ कामाच्या वेळेत येत असल्याचे सांगितले. नोंदीचा तक्ता सोबत जोडला आहे. नवीन पद निर्माण न करता, उपलब्ध कर्मचाऱ्यांच्या वेळेत बदल करून तीन महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर ही सेवा सुरू करावी, ही विनंती. या काळातील रुग्णसंख्येवरून पुढील निर्णय घेता येईल.'

खाली सही, नोंदणी क्रमांक, फोन. प्रत आरोग्याधिकाऱ्यांना आणि प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना. तुम्ही खाजगी व्यावसायिक आहात आणि ही ओपीडी सुरू झाली तर तुमचेच काही रुग्ण तिकडे जातील, हे एका वाक्यात स्वतःहून लिहा. हेतूवर शंका घ्यायला मग जागा राहत नाही.

पत्र आवक-जावक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साहेबांच्या हातात दिलेलं, त्यांनी 'बघतो' म्हणून टेबलाच्या खणात ठेवलेलं पत्र सरकारदरबारी अस्तित्वातच नसतं. वेळबदलाला पैसे फारसे लागत नाहीत म्हणून हे केव्हाही देता येईल. औषधं, यंत्रं, डागडुजी अशी खर्चाची मागणी असेल तर मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरच गाठा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. फेब्रुवारीत दिलेलं पत्र त्याच्याही पुढच्या वर्षासाठी असतं, देणाऱ्याला ते माहीत नसतं इतकंच.

महिन्याभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. बरेच अर्ज इथेच अडतात. 'ओपीडी का सुरू केली नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारी नोंदी देतो, कारणमीमांसा करत बसायला तो बांधील नाही. असं विचारा : 'आवक क्रमांक ..., दि. ... च्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात.' उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील.

आणि लोकशाही दिन? जिल्ह्याचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि लोक मोठ्या आशेने जातात. पण तिथे वैयक्तिक गाऱ्हाणी घेतली जातात, धोरणाची मागणी तिथे बसत नाही. एखाद्या बाईला केंद्रातून परत पाठवलं, तर ती स्वतः तिथे जाऊ शकते. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

प्रश्न : निवेदनात आपण ख्रिस्ती आहोत हे लिहावं का? आमच्या गटात यावरून दोन तट पडलेत.
(दंतवैद्य, होटगी रस्ता)

लपवू नका, पुढेही करू नका. संस्थेच्या लेटरहेडवर नाव आणि क्रूस असेल तर तो असू द्या. पण मुद्दा रुग्णांच्या नोंदींवर उभा राहतो. आयुक्तांना तुमची श्रद्धा तपासायची नसते, तक्ता तपासायचा असतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातलं मुक्यांसाठी तोंड उघडण्याचं वचन तुम्हाला तिथवर घेऊन गेलं असेल, तर ते तुमच्या प्रार्थनासभेत सांगा. सरकारी पत्रात वचन घातलं की वाचणाऱ्याचं लक्ष मागणीवरून उडतं.

एक पथ्य मात्र कडक पाळा. सर्वेक्षण, आरोग्य शिबिर, सह्या गोळा करणं यांत प्रार्थना, पत्रकं, शास्त्रवाटप काहीही मिसळू नका. एखाद्याने प्रार्थना मागितली तरी ती त्या दिवशी, त्या ठिकाणी नको. एकदा आक्षेप निघाला की पुढचे सहा महिने त्याचीच उत्तरं देण्यात जातात आणि ओपीडीचा विषय मागे पडतो. सह्या करणाऱ्यांत पद्मशाली, मुस्लिम, लिंगायत, बौद्ध डॉक्टर असतील तर फारच चांगलं. दुखणं सगळ्यांचं आहे, निवेदनही सगळ्यांचं दिसू द्या. अर्ज मराठीतच, पण घरोघरी विचारायचा प्रश्न तेलुगू आणि कन्नडमध्येही तयार ठेवा. पूर्व भागात मराठीतून विचारलं तर निम्मी घरं सुनेला पुढे करतात आणि सासूचं दुखणं नोंदवायचं राहून जातं.

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वॉर्डात रात्रपाळीला एकटीवर तीस-पस्तीस रुग्ण असतात. आमच्या मंडळीतले डॉक्टर म्हणतात, तूच पेपरला सांग, आमच्या निवेदनावर सही कर. करू का?
(परिचारिका, सोलापूर)

ताई, पेपरला नको, आणि त्या निवेदनावर पदनामासह सहीही नको. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. शासनाच्या धोरणावर वृत्तपत्रातून जाहीर टीका करणं, कार्यालयीन कागद परवानगीविना बाहेर देणं, स्वतःच्या सेवेच्या बाबतीत बाहेरून राजकीय दबाव आणणं, तिन्ही त्यात बसत नाहीत. चौकशी लागली तर ती तुमच्यावर लागेल. सल्ला देणारे डॉक्टर खाजगी आहेत.

पण तुमच्या हातात काहीच नाही असंही नाही. मेट्रन आणि अधिष्ठात्यांमार्फत, म्हणजे योग्य मार्गाने, लेखी अहवाल द्या. रोजच्या सेन्सस बुकातले (वॉर्डातल्या रुग्णसंख्येच्या नोंदवहीतले) आकडे तीन महिन्यांचे एकत्र करा : खाटा किती, प्रत्यक्ष रुग्ण किती (जमिनीवरच्या गाद्या धरून), पाळीला परिचारिका किती. शेजारी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष लिहा. अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ. हा निकष एका वेळच्या पाळीला जसाच्या तसा लावू नका. तिन्ही पाळ्या, सुट्ट्या आणि रजा धरून एकूण पदं किती लागतात ते काढा. हा गोंधळ निवेदनांत हमखास असतो आणि प्रशासन त्यावरच बोट ठेवून बाकीचं सगळं नाकारतं. तुमची मान्यताप्राप्त संघटना हेच आकडे घेऊन शासनाशी बोलू शकते.

बाहेरच्या डॉक्टरांना आकडे हवे असतील तर मंजूर पदं आणि भरलेली पदं त्यांनी माहितीच्या अधिकारात मागावीत. तीच माहिती, पण तो कागद तुमच्या पिशवीतून गेला नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी असलेल्या भगिनींनी आपल्या करारातल्या अटी वाचाव्यात. तिथे संरक्षण आणखी कमी असतं.

प्रश्न : आमच्या मंडळीतर्फे 'आरोग्य आणि आपलं मत' असा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये ठेवायचा विचार आहे. निवडणुकीच्या तोंडावर सर्व उमेदवारांना बोलवू. शेजारच्या मिशन दवाखान्याकडून थोडा खर्च मिळेल. काही अडचण?
(मंडळीचे सचिव)

तीन अडचणी आहेत.

पहिली जागेची. धार्मिक संस्था (गैरवापरास प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार धार्मिक संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरता येत नाही, आणि 'राजकीय कार्य' याची व्याख्या पक्षप्रचारापुरती मर्यादित नाही. राजकीय स्वरूपाच्या प्रश्नाचा सभा-मोर्च्यांतून पुरस्कार करणंही त्यात येतं. 'आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं' हा बचाव तुम्ही कोर्टात मांडाल, पण तिथवर जायचंच कशाला? एखादं सार्वजनिक सभागृह घ्या. मधुमेहाची माहिती, क्षयरोग तपासणी असे कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये खुशाल करा.

दुसरी शब्दांची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १२३(३) धर्माच्या नावावर मत मागणं किंवा मत देऊ नका म्हणणं हा भ्रष्ट आचार मानतं. स्थानिक निवडणुकांचे नियम वेगळे असले तरी पथ्य तेच ठेवा. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) व्यासपीठावरून 'आपल्या दवाखान्याला मदत करणाऱ्याला' असं अर्धं वाक्य जरी उच्चारलं तरी ते मोबाइलवर कैद होतं.

तिसरी आणि सर्वांत महाग, पैशाची. दवाखान्याकडे परदेशी देणगी येत असेल तर परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० बघा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही, मंडळीलाही नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. निवडणुकीच्या कार्यक्रमाचं चहापाणी जरी त्या खात्यातून झालं तरी या कायद्याखालची नोंदणी धोक्यात, आणि नोंदणी गेली तर डायलिसिसपासून पगारापर्यंत सगळं अडतं. सार्वजनिक प्रश्नावर आवाज उठवणारी प्रत्येक संस्था 'राजकीय स्वरूपाची' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये 'इन्साफ' या संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षाशी संबंध आला की ते संरक्षण संपतं. म्हणून धोरणविषयक कामाचा खर्च स्थानिक देणग्यांतून, वेगळ्या खात्यातून, वेगळ्या पावतीपुस्तकावर. रक्कम छोटीच असते, तेव्हा जमवायलाही जड जाऊ नये.

प्रश्न : आमचं धर्मादाय रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे. दावे नाकारले जातात, पैसे उशिरा येतात. याविरुद्ध आवाज उठवायचा आहे.
(व्यवस्थापक, जिल्ह्यातील एक ट्रस्ट रुग्णालय)

उठवा, पण आधी स्वतःचं अंगण झाडून घ्या. रुग्णालय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली येत असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत, हे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलंय का? तो फलक रिसेप्शनच्या मागच्या कपाटाआड असेल तर अधिकारी बैठकीची सुरुवात त्यावरूनच करतील.

मग दाव्यांचा तक्ता. गेल्या बारा महिन्यांतला प्रत्येक नाकारलेला दावा, पूर्वपरवानगी मागितल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, नाकारण्याचं कारण त्यांच्याच शब्दांत. कारणांची वर्गवारी केली की चित्र बदलतं. बऱ्याच रुग्णालयांत मोठा वाटा आपल्याच चुकांचा निघतो : फोटोवर तारीख नाही, डिस्चार्ज सारांशावर सही नाही, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. ते वेगळे काढा आणि त्यांची तक्रार करू नका. उरलेले खरे मुद्दे, उदाहरणार्थ एखाद्या शस्त्रक्रियेचा पॅकेज दर (योजनेने त्यासाठी ठरवलेली रक्कम) साहित्याच्या किमतीलाही पुरत नसणं, हे खर्चपत्रकासह मांडा. जिल्हा समन्वयकांपासून सुरुवात करून राज्य आरोग्य हमी सोसायटीपर्यंत जा. योजनेतली आणखी चार-पाच रुग्णालयं, ख्रिस्ती नसलेली, सोबत घ्या. एकट्या रुग्णालयाचे आकडे तक्रार वाटतात, पाच रुग्णालयांचे आकडे सारखे निघाले तर दोष व्यवस्थेत आहे हे मान्य करावं लागतं.

सोलापूरकरांना हे म्हणण्याचा थोडा जास्त हक्कही आहे. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणजे योजनेचा सर्वांत जुना अनुभव असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत तुमचा जिल्हा येतो. २०२३ मध्ये रुग्णाच्या उपचारखर्चाचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, पण कवच वाढलं म्हणून पॅकेजचा दर आपोआप वाढत नाही. बैठकीत या दोन गोष्टी एकत्र होऊ देऊ नका.

प्रश्न : माझी श्रद्धा गर्भपाताला मान्यता देत नाही. डॉक्टर म्हणून मी नकार देऊ शकते का? आणि याविषयी कायदा बदला अशी मागणी करू शकते का?
(नुकतीच एमडी झालेली स्त्रीरोगतज्ज्ञ)

मागणी करू शकता. ते प्रत्येक नागरिकाचं स्वातंत्र्य आहे. नकाराबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. काही देशांत डॉक्टरला सदसद्विवेकाच्या आधारे नकाराची कायदेशीर सूट आहे, तशी तरतूद आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपातासाठी मदत नाकारता येणार नाही. डॉक्टरला स्वतः ते करण्याची क्षमता वाटत नसेल तेवढाच अपवाद. परदेशी ख्रिस्ती संघटनांची पत्रकं वाचून इथल्या तरुण डॉक्टर फसतात ते इथेच.

व्यवहारात वाट अशी आहे. खाजगी रुग्णालयाला गर्भपात केंद्र म्हणून जिल्हास्तरीय समितीची मान्यता घ्यावी लागते. ती न घेतलेल्या रुग्णालयात ही सेवा दिली जात नाही, आणि हे दारातच स्पष्ट सांगितलेलं असावं. तुम्ही जिथे नोकरी धराल तिथे मुलाखतीतच सांगा, रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये नको. आलेल्या स्त्रीला उपदेश नको, ताटकळवणं नको. मान्यताप्राप्त केंद्राची लेखी चिठ्ठी त्याच दिवशी द्या, कारण २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ ला दोघांचं, आणि तेही ठरावीक गटातल्या स्त्रियांनाच. तुमच्याकडे गेलेला आठवडा तिला महागात पडतो. जिवाला धोका असेल तर चिठ्ठीही नाही. तिथे उपचार करायचे, बस्स. तिची ओळख कुणाला कळू न देणं हे २०२१ च्या दुरुस्तीने बंधनकारक केलंय, तेव्हा मंडळीत 'प्रार्थनेसाठी' म्हणूनही नाव घ्यायचं नाही.

या विषयावर काम करायचंच असेल तर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवला जाणं, नको असलेल्या गर्भधारणा टाळण्यासाठी साधनं वेळेवर मिळणं, अविवाहित मातांना आधार, इथे तुमच्यासारखे आणि तुमच्याशी असहमत असलेले डॉक्टर एका टेबलावर बसू शकतात.

प्रश्न : अशा अर्जविनंत्यांनी खरंच कधी काही बदललंय का?
(निवृत्त आरोग्य सहायक, करमाळा)

करमाळ्याहून जामखेड फार लांब नाही, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. रजनीकांत आणि मेबल आरोळे या वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचा जो संग्रह काढला त्यात जामखेड होतं. १९७८ ला अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली, १९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये आलेल्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेमागे देशातल्या अशा अनेक प्रयोगांची पुण्याई आहे. म्हणजे जामखेडच्या कामाची आणि आशाताईंची तारीख यांत ३५ वर्षांचं अंतर पडलं. धीर सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, आणि हेही, की आरोळ्यांनी आधी करून दाखवलं आणि मग सांगितलं.

कुष्ठरोगाचं उदाहरण कायद्याचं आहे. जोडीदाराला कुष्ठरोग झाला तर घटस्फोट मागता येई, आणि ही तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती तशी ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही होती. लेप्रसी मिशनसारख्या ख्रिस्ती संस्था हा भेदभाव काढण्याची मागणी करत होत्या, इतरही अनेक होते. त्यांचा मुद्दा वैद्यकीय होता : बहुविध औषधोपचाराने रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते, मग कायदा जुन्या भीतीवर का चालतो? विधी आयोगाने २०१५ मध्ये २५६ व्या अहवालात तेच मांडलं आणि २०१९ च्या वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियमाने पाच कायद्यांतून ते कारण गेलं.

प्रश्न : रुग्णाचा फोटो आणि हकीकत पेपरात दिली तर परिणाम होतो. त्याची संमती असली म्हणजे झालं ना?
(फार्मासिस्ट, बार्शी)

दारात उभ्या असलेल्या, औषधासाठी तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाची संमती ही अर्धीच संमती असते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने ओळख उघड करण्यावर कडक बंधनं आहेत. चेहरा धूसर करूनही गल्ली, व्यवसाय आणि मुलांची संख्या दिली की सोलापूर-बार्शीत माणूस ओळखता येतो. हकीकत हवीच असेल तर तीन रुग्णांचे तपशील मिसळून एक करू नका, ते खोटं ठरतं. तपशील गाळा. रिकाम्या औषधखिडकीचा, तुटलेल्या रॅम्पचा फोटो पुरेसा बोलतो.

प्रश्न : आमदारांना भेटलो. चहा झाला, फोटो झाला, 'नक्की करू' म्हणाले. दोन अधिवेशनं गेली.
(होमिओपॅथ, मोहोळ)

तुम्ही त्यांना विषय दिलात, प्रश्न दिला नाहीत. जिल्ह्यात विधानसभेचे अकरा आमदार आहेत आणि प्रत्येकाकडे असे विषय रोज येतात. पुढच्या वेळी तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याचा) मसुदाच घेऊन जा : 'मोहोळ तालुक्यातील ... प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दि. ... पासून रिक्त आहे, हे खरे आहे काय; असल्यास, ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली; विलंबाची कारणे काय?' सभागृहातली भाषा हीच असते. सोबत माहितीच्या अधिकारात मिळालेली पदांची यादी जोडा. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीआधीच त्यांच्या स्वीय सहायकाला गाठा. काम तोच करतो. प्रश्न लागला नाही तर त्याच मजकुरावर लक्षवेधी किंवा अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना देता येते.

आणि जिल्हा नियोजन समिती विसरू नका. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आरोग्य केंद्राच्या इमारती, रुग्णवाहिका, यंत्रसामग्री यांचा बराच पैसा तिथून येतो, आणि तिच्या बैठकीआधी सदस्यांना दिलेला एका पानाचा कागद मुंबईला पाठवलेल्या दहा पानांपेक्षा लवकर वाचला जातो.